भंडारदऱ्याला जायचंय? आधी धरणात पाणी किती आहे ते बघा

भंडारदऱ्याला कधी जावं असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, कुणी म्हणतं पावसाळ्यात जा, कुणी म्हणतं काजव्यांना जा, कुणी म्हणतं डिसेंबरात टेंट टाकायला जा, आणि तसे सगळे बरोबरच असतात. फक्त एक गोष्ट राहून जाते, की हे तळं नाहीये, धरण आहे. नैसर्गिक तळं वर्षभर कमीजास्त तसंच दिसतं, धरणाचं तसं नसतं, त्यात पाणी कधी येतं, कधी सोडतात, कुणासाठी सोडतात यावर तुम्हाला तिथं काय बघायला मिळणार ते ठरतं. अम्ब्रेला फॉल चालू आहे का बंद, रंधा धबधबा कोसळतोय का नुसता काळा कातळ दिसतोय, तुमचा टेंट पाण्याला लागून आहे का मधे चिखलाचा भलामोठा पट्टा आहे, सगळं त्यावर. म्हणून प्लॅन करताना सुट्टी कधी आहे एवढंच बघू नका, पाणी बघा, बाकी सगळं त्यानंतर.

आधी धरणाबद्दल थोडं, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. रतनगडाच्या डोंगरात प्रवरा नदी उगम पावते, खाली रतनवाडीत येते आणि शेंडी गावाजवळ तिला विल्सन धरणानं अडवलंय. बांधकाम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पूर्ण झालं, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला दिलं, आणि मागे जे पाणी साठलं त्याला आर्थर लेक म्हणतात. दगडी बांधकामाचं धरण आहे, उंची ८२ मीटरच्या वर, आणि ते यंत्रं फारशी नसतानाच्या काळात या डोंगरात, या पावसात उभं केलंय हे तिथं भिंतीखाली उभं राहून वर बघितलं की जास्त पटतं. १९६९ ला भिंतीला तडे गेले होते, मग खालच्या बाजूनं दगडी टेकू देऊन ती मजबूत केली.

साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). हा आकडा लक्षात ठेवा, कामाला येतो. हे पाणी खाली निळवंडे धरणात जातं, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी भागात शेतीला. प्रवरानगरला लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन जो सहकारी साखर कारखाना उभा केला आणि ज्याच्यामुळं महाराष्ट्रातल्या सहकारी साखरेची गाडी चालू झाली, तिथला ऊस याच पाण्यावर पिकलेला. म्हणजे वर जे आपण टेंटमधून बघतो ते खालच्या शेतकऱ्याचं आवर्तन आहे, म्हणजे कालव्यानं ठराविक पाळीनं सोडायचं शेतीचं पाणी. हिवाळा संपताना आणि उन्हाळ्यात आवर्तनं सुटायला लागली की पाणी खाली खाली जात राहतं आणि मे अखेरीस तळ्याच्या कडेनं भेगाळलेला गाळ उघडा पडतो. कुणी फोटोत बघून गेला आणि तिथं निळंशार पाणी दिसलं नाही तर त्यात फसवणूक काही नाही, महिना चुकलाय.

पाणी किती आहे ते कसं बघायचं

जलसंपदा विभाग रोज धरणांचा पाणीसाठा जाहीर करतो आणि पावसाळ्यात अहिल्यानगर, संगमनेर भागातल्या सगळ्या बातम्यांमध्ये भंडारदरा, निळवंडे, मुळा यांचे आकडे येतात. अहिल्यानगर म्हणजे आधीचा अहमदनगर जिल्हा, जुन्या बोर्डांवर आणि मॅपवर अजून दोन्ही नावं दिसतात, गोंधळू नका. बातमीत दोन गोष्टी बघायच्या, साठा किती आणि विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, किती. साठा दशलक्ष घनफुटात नाहीतर टक्क्यांत असतो, विसर्ग क्युसेकमध्ये, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. विसर्ग काही हजार क्युसेकचा असेल तर सांडवा, धरणाखालची प्रवरा आणि रंधा सगळं जोरात असणार. आणि 'धरण तांत्रिकदृष्ट्या भरलं' असं वाचलं तर त्याचा अर्थ पूर्ण ११,०३९ भरलं असा नाही, वरून पाऊस चालूच असतो म्हणून येणाऱ्या पाण्याला थोडी जागा ठेवून आधीच सोडायला सुरुवात करतात.

बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याच्या आसपास धरण भरतं. पंधरा ऑगस्टच्या आत भरणार का यावर तिकडं दरवर्षी चर्चा असते, शेतकरी तर आकड्यांकडं डोळे लावून बसलेला असतो. एखाद्या वर्षी जुलैतच भरतं, एखाद्या वर्षी सप्टेंबर उजाडतो.

पावसाळा

घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात आणि ते उगाच नाही. कोकणातून येणारे ढग थेट कड्याला धडकतात आणि घाटघर, रतनवाडी भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, तेच ढग संगमनेरला पोचेपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतात. एकाच जिल्ह्यात, गाडीनं काही तासांच्या अंतरात. धरण इथंच का बांधलं त्याचं उत्तर यात आहे, पाऊस इथं आणि तहान तिकडं.

त्यामुळं जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर रेनकोटवर भिस्त ठेवू नका, तुम्ही भिजणारच, कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे बांधून गाडीत ठेवा, दोन जोड जास्तीचे, आणि टॉवेल. मोबाईल झिपवाल्या पिशवीत. धुकं एवढं असतं की दुपारी दोन वाजता हेडलाईट लावावा लागतो आणि तेव्हा ना कळसूबाई दिसत ना अलंग-मदन-कुलंग हे किल्ले दिसत, तळंसुद्धा कधीकधी दिसत नाही. पावसाळ्यात इथं लांबचे व्ह्यू बघायला जायचं नसतंच, जवळचं बघायला जायचं असतं, म्हणजे भातखाचरं, लावणी, कातळावरून येणारं पाणी, शेवाळ. रतनवाडीच्या रस्त्याला तर मोजता येणार नाहीत इतके ओहोळ डोंगरावरून उतरलेले असतात. कोलटेंभ्याजवळचा धबधबा आणि नेकलेस फॉल दोन्ही याच बाजूला आहेत.

अम्ब्रेला फॉलबद्दल सगळ्यात जास्त निराशा होते म्हणून स्पष्ट लिहितो. हा धबधबा नैसर्गिक नाहीये, धरणातून सोडलेलं पाणी गोल कातळावरून छत्रीसारखं पसरून खाली पडतं, तो अम्ब्रेला फॉल. पाणी सोडलं असेल तरच दिसेल, नाहीतर तिथं नुसता दगड आहे. रंध्याचं पण बरंचसं असंच, १७० फूट उंच कडा आहे, प्रवरेचं सगळं पाणी तिथून दरीत उडी घेतं, पण नदीत पाणी असेल तर. जोरदार विसर्ग चालू असताना रंधा बघणं म्हणजे काय ते लिहून कळणार नाही, रेलिंगपाशी उभं राहिलं तर छातीत आवाज होतो. शेंडीपासून साधारण १० किमी आहे, राजूरच्या रस्त्याला, जवळच घोरपडादेवीचं मंदिर आहे तिथं पण जाऊन या. रेलिंगच्या पलीकडं मात्र अजिबात जायचं नाही, तिथला कातळ साबणासारखा असतो आणि खाली पडलेला माणूस लगेच सापडतसुद्धा नाही.

आणि एक, विसर्ग वाढवायच्या आधी नदीकाठच्या गावांना सावध करतात, भोंगा किंवा सूचना ऐकू आली तर धरणाखाली नदीपात्रात, पुलावर, दगडावर जिथं कुठं असाल तिथून लगेच वर या. पाणी हळूहळू वाढेल असं समजू नका.

शनिवार-रविवार शक्य असेल तर टाळाच. रस्ते अरुंद आहेत, समोरून एसटी आली की दोन्हीकडं गाड्या अडकतात आणि पावसाळी रविवारी शेंडीत तास-तास ट्रॅफिक लागतं. अतिवृष्टीचा इशारा असला की प्रशासन धबधबे आणि काही पॉइंट बंद करतं, आदल्या दिवशी ज्यांच्याकडं राहणार आहात त्यांना फोन करून विचारून घ्या, त्यांच्याइतकी खरी माहिती कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर, माझ्या मते सगळ्यात भारी

लोक पावसाळा आणि काजवे करून मोकळे होतात आणि हा मधला काळ सोडून देतात, मला कळत नाही का. धरण काठोकाठ भरलेलं, पाऊस उघडझाप करणारा, हवा धुऊन स्वच्छ झालेली, डोंगर पहिल्यांदाच पूर्ण दिसायला लागतात आणि पठारांवर सोनकीचा पिवळा रंग. कारळ्याची शेतं पण पिवळी असतात, लांबून सोनकी का कारळा कळत नाही, जवळ गेलं की कळतं. तेरडा कड्यांवर गुलाबी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तुमच्या नशिबात ते वर्ष असलं तर आख्खे उतार जांभळे दिसतील आणि नंतर त्या भागातल्या मधाची चव पण वेगळी असते. खाचरात भात पोटरीला आलेला असतो. फोटोसाठी, घरच्यांना घेऊन जाण्यासाठी, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर, हाच काळ.

तळ्याला रिंग मारायची असेल तर पण आत्ताच. शेंडीवरून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर आणि तिथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे करत परत शेंडी. अंतर फार नाही पण थांबायच्या जागा एवढ्या आहेत की आख्खा दिवस ठेवा. उत्तरेच्या बाजूनं जाताना उजवीकडं अलंग-मदन-कुलंगचे कडे असतात आणि डावीकडं पाणी. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली एकदम कोकण, सुटलेलं वारं आणि ढग पायाखाली. तिथलंच अजून एक धरण बघून बऱ्याच लोकांना वाटतं ते पण भंडारदऱ्याचंच, पण ते घाटघर वीज प्रकल्पाचं वरचं धरण आहे. त्याचं खालचं धरण कड्याच्या पायथ्याला चोंढ्याकडं, शहापूर तालुक्यात. विजेची मागणी कमी असते तेव्हा पंपानं पाणी खालून वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज बनवतात, क्षमता २५० मेगावॅट, २००८ पासून चालू आहे. तिथं पाण्यात उतरायचं नाही, पातळी अचानक वरखाली होते.

रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघा, पाच मिनिटांत सेल्फी काढून निघू नका. झांज राजानं नद्यांच्या उगमाशी शिवालयं बांधली असं सांगतात त्यातलं हे प्रवरेचं. बाहेरच्या भिंतीवरचं आणि आतल्या खांबांवरचं, छतावरचं कोरीवकाम बघायला टॉर्च लागतो, बरोबर ठेवा. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. थोडं अलीकडं पुष्करणी आहे, चारी बाजूंनी कोनाडे आणि त्यात मूर्ती, बरेच लोक ती न बघताच पुढं जातात.

इथूनच रतनगडाची वाट निघते. सुरुवातीला वाट प्रवरेच्या पात्रातून चार-पाचदा इकडून तिकडं जाते, मग जंगल, मग शेवटी लोखंडी शिड्या, आणि वर नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. सरावाच्या माणसाला तीन-चार तास चढायला. धो-धो पावसात करू नका, जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेला लागतं आणि मग अलीकडं अडकून बसावं लागतं. गावातला माणूस वाटाड्या घ्या, जंगलात ढोरवाटा खूप फुटतात.

थंडी आणि टेंट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा टेंटचा सीझन. तळं भरलेलं असतं, आकाश साफ, आणि थंडी खरीखुरी. तळ्याची उंची समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे आणि पाण्याच्या काठाला रात्री जी बोचते ती मुंबई-पुण्याच्या थंडीच्या हिशेबानं स्वेटर नेलेल्यांना झेपत नाही, कानटोपी, मोजे, जाड जॅकेट, आणि टेंटवाल्याकडं स्लीपिंग बॅग आहे का नुसतं ब्लँकेट आहे ते आधीच विचारा. पहाटे पाण्यावरून वाफ निघत असते आणि समोर रतनगडाचा खुटा, म्हणजे शेजारचा सुळका, उन्हात यायला लागतो, त्यासाठी साडेसहाला उठायचं, उशिरा उठून काही दिसत नाही.

बुकिंग करताना हे प्रश्न विचारा. टेंट पाण्यापासून किती लांब आहे आत्ता, फोटोतलं नको. संडास आहे का आणि त्याचं पाणी कुठं जातं. रात्री किती वाजेपर्यंत स्पीकर चालतो. हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, कारण तळ्याच्या एका काठाला लावलेला आवाज समोरच्या काठावर ऐकू येतो आणि हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. इथं बिबट्या आहे, भेकर आहे, तरस आहे, घाटघर-रतनवाडीच्या जंगलात शेकरू आहे, पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर पहाटे अशी शीळ घालतो की माणूसच शीळ वाजवतोय असं वाटतं. डीजे लावायला एवढा प्रवास करून यायची काहीच गरज नाही. जो टेंटवाला म्हणेल की आमच्याकडं दहानंतर सगळं बंद, त्याच्याकडंच जा, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. अशा लोकांना धंदा मिळाला तरच बाकीचे सुधारतील.

शेकोटी करायची तर टेंटवाल्यानं दिलेल्या जागेतच, जंगलातली लाकडं तोडून नाही. बाटल्या, रॅपर परत गाडीत. काचेच्या बाटल्या तर नेऊच नका, काठावर फुटलेल्या काचा पाण्याखाली जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की गुरांच्या पायात शिरतात.

पोहायचं का असं विचारतात, तर नाही. काठाला उथळ वाटलं तरी हा बुडालेला डोंगरउतार आहे, दोन पावलांवर एकदम खोल होतो, खाली गाळ आहे, पाणी गार असतं, आणि दरवर्षी कुणीतरी तरुण पोरगा इथं जातो. बोटिंग करायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, बोटवाल्याकडं नसेल तर बसू नका, संध्याकाळी वारा सुटल्यावर तर नकोच.

काजवे

मे अखेर ते जूनचा मध्य, मान्सून यायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस. वळवाचे एकदोन पाऊस झाले, हवेत दमटपणा आला की सुरू होतात आणि एकदा मुसळधार लागला की संपतात. त्यामुळं अमुक तारखेलाच दिसणार अशी गॅरंटी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर जास्त. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, रतनवाडी, साम्रद या गावांच्या आजूबाजूला. आख्खं झाड एका तालात लुकलुकतं, मग शेजारचं झाड तो ताल उचलतं. अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा, चांदणं असलं की निम्मी मजा जाते.

आता हे नीट वाचा. झाडावर लुकलुकणारे बहुतेक नर असतात आणि तो उजेड म्हणजे मादीला बोलावणं आहे. मादी बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात असते. तुम्ही गाडीचा हेडलाईट, मोबाईलचा टॉर्च, फ्लॅश मारला की हे बोलणंच तुटतं, आणि झाडाखाली फोटोसाठी गर्दी केली की गवतातल्या माद्या आणि मातीतली अंडी पायाखाली जातात. काजव्याची अळी महिनोनमहिने जमिनीत गोगलगायी खात वाढते आणि पंख फुटल्यावर त्याला फक्त काही आठवडे मिळतात. त्या काही आठवड्यांतच नेमके आपण हजारोंच्या संख्येनं गाड्या घेऊन तिथं जातो. म्हणून गाडी गावात लावा, चालत जा, टॉर्चला लाल कागद लावा आणि तोही पायाशीच धरा, झाडापासून लांब उभे राहा, परफ्यूम आणि डासांचा स्प्रे मारून जाऊ नका, काजवे बाटलीत भरू नका, आणि पोरांना आधीच समजावून आणा. मोबाईलवर काजव्यांचा फोटो नीट येत नाही, ट्रायपॉड आणि लाँग एक्सपोजर लागतं, त्यामुळं मोबाईल खिशातच ठेवा. वनविभागाच्या नाक्यावर फी आणि वेळेचे नियम असतात, ते वर्षावर्षाला बदलतात, नाक्यावर पाटी वाचा आणि वाद घालू नका, ती माणसं रात्र-रात्र उभी असतात.

मे महिन्यात गेलात तर धरण तळाला गेलेलं असणार हे धरूनच चला. पण करवंदं, जांभळं, आळू, तोरणं मिळतात, पोरं पानांच्या द्रोणात भरून रस्त्याला विकतात, घ्याच.

सांदण दरी पण नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात. साम्रदला आहे, काळ्या कातळाला पडलेली उभी भेग, आत काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात. आत पाण्याचे डोह आहेत, कधी गुडघा, कधी कमर. पुढं रॅपलिंग आहे ते अनुभवी टीमबरोबरच. पावसाची शक्यता जरी असली तरी उतरायचं नाही, वर कुठंतरी पडलेला पाऊस आत लोंढा होऊन येतो आणि पळायला जागाच नसते. कळसूबाईबद्दल इथं थोडकंच, बारी गावातून वाट आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर, कठीण जागी शिड्या आहेत, शनिवारी रात्री शिड्यांवर रांग लागते म्हणून मधल्या वारी जा.

पोचायचं कसं

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि घोटीवरून उजवीकडं बारीमार्गे शेंडी. पब्लिक ट्रान्सपोर्टनं यायचं तर कसारा लोकल, तिथून जीप, किंवा इगतपुरी-घोटीवरून एसटी, पण एसट्या मोजक्या आहेत, परतीची वेळ उतरल्याउतरल्या कंडक्टरला विचारून ठेवा. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, किंवा आळेफाट्यावरून पुढं ब्राह्मणवाडा, कोतूळ करत राजूर. नाशिक सगळ्यात जवळ, साधारण ७० किमी. अकोले म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, मॅपवर विदर्भातलं अकोला टाकून बसू नका.

पेट्रोल घोटीला नाहीतर राजूरला फुल करा. कॅश काढून ठेवा, रतनवाडी-साम्रदकडं रेंज येतेजाते आणि यूपीआय अडकतं. रात्री गाडी चालवताना हळू, गुरं आणि रानडुकरं रस्त्यावर येतात.

राहायला शेंडीत हॉटेलं आहेत, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, पण जमलं तर गावातल्या घरी राहा. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे, ज्यांना १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, ते याच तालुक्यातल्या देवगावचे. बीजमाता म्हणून पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे पण याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. धरण झालं तेव्हा इथल्यांची नदीकाठची खाचरं पाण्याखाली गेली आणि पाणी खालच्या मुलखाला गेलं, आता पर्यटनातून जे मिळतं ते तरी इथल्या घरात पडावं असं मला मनापासून वाटतं. जेवणात नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, गावठी कोंबडी, धरणातली मासळी. पावसाळ्यात रानभाजी आहे का विचारा, कुरडू, चाई, भारंगी असं काहीतरी असतंच. आधी फोन करून किती माणसं ते सांगा, इथं ऑर्डर दिल्यावर चूल पेटते, तासभर लागणार. भाव करत बसू नका.

येताना तांदूळ घ्या. काळभात नाहीतर इंद्रायणी, ज्या घरी राहिलात त्यांनाच विचारा, दिवाळीनंतर नवा असतो. हिरडा पण मिळतो, बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या बऱ्याच घरांचं उन्हाळ्याचं उत्पन्न आहे. नवा तांदूळ लगेच शिजवला तर चिकट होतो, दोनतीन महिने डब्यात मुरू द्या, आणि शिजवताना पाणी थोडं कमीच घाला.